मालट्रकचीं चाकें आणि एंजिनाचे फेरे

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या मालट्रकला शहर मागें पडतांच डोंगर चढावा लागतो. पूर्वीं ही वाहतूक कात्रजच्या जुन्या घाटानें जाई. आतां बाह्यवळणाचा रुंद रस्ता नव्या बोगद्यांतून जातो. रस्ता कोणताहि असो, चढ लागला कीं चालक खालचा गिअर टाकतो आणि एंजिनाचा आवाज चढतो. गाडीचा वेग तर उलट कमी झालेला असतो. मग एंजिन जोरानें कां फिरूं लागतें?

हिशेब सोपा आहे. जमिनीवर टेकलेलें चाक एका फेऱ्यांत सुमारें आपल्या परिघाइतकें अंतर तोडतें. भरलेल्या ट्रकच्या मोठ्या टायरचा हा परीघ ३.२ मीटर धरला, तर एक किलोमीटरला ३१२ फेरे होतात. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. अर्थात् चाक मिनिटाला ३१२ वेळां फिरतें. आतां मागच्या आसावरील पिनियनला ७ दांते व क्राउनला ४२ असले, तर चाकाच्या एका फेऱ्यास पिनियनचे सहा फेरे लागतात. वरच्या गिअरमध्यें एंजिनाचा दांडा व पिनियन बरोबरीनें फिरत असतील, तर एंजिनाचे फेरे मिनिटाला सुमारें १,८७५ भरतात. चढावर वेग ताशी २० वर आला आणि अडीचपट फेर देणारा गिअर टाकला, तर हाच आंकडा सुमारें १,५६० राहतो. वरचाच गिअर ठेवला असता, तर तो ६२५ वर घसरून एंजिन धापा टाकीत बंद पडलें असतें.

याच हिशेबांत टायरचें माप शिरतें. ३.२ मीटरऐवजीं ३ मीटर परिघाचा टायर बसविला, तर ताशी साठच्या वेगाला एंजिनास २,००० फेरे घ्यावे लागतात. ओढण्याचा जोर मात्र त्याच प्रमाणांत वाढतो. मोठा टायर घातल्यास सपाटीवर एंजिन शांत चालतें, पण घाटांत ट्रक अडखळतो. शिवाय वेगदर्शक कांटा गिअरपेटीवरून चालत असेल, तर तो फसवतो: लहान टायरसाठीं जुळविलेला कांटा ६० दाखवील, तेव्हां मोठ्या टायरची गाडी ६४ च्या वेगानें जात असेल. टायर बदलणाऱ्या मालकांना हें क्वचितच कोणी सांगतें.

खरी कसोटी मात्र परतीच्या वाटेवर आहे. नव्या बोगद्यांतून नऱ्ह्याकडे, नवले पुलाच्या दिशेनें, रस्ता लांबवर उतरत जातो. या उतारावर अनेक भीषण अपघात झाले आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्यें एका अवजड वाहनानें ओळीनें कितीतरी गाड्यांना धडक दिली. डिझेल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रलमध्यें सोडण्याची खोड येथें जिवावर बेतते. गिअर सुटला कीं चाकें व एंजिन यांचा संबंधच तुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापत जातात व शेवटीं पकड सोडतात. एंजिनच बंद केलें, तर हवेच्या ब्रेकला हवा पुरविणारा पंपहि थांबतो. आणि बचत तरी कोठें होते? गिअरमध्यें असतां पाय काढला, तर चाकेंच एंजिनाला फिरवितात आणि गव्हर्नर डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्यें मात्र एंजिन चालू राहण्यापुरतें डिझेल जळतच असतें.

खालच्या गिअरमध्यें हेंच एंजिन ब्रेकचें काम करतें, कारण तेथें प्रत्येक चाकाच्या फेऱ्यामागें त्याला अधिक फेरे घ्यावे लागतात. परंतु याला मर्यादा आहे. गव्हर्नर डिझेल रोखूं शकतो, उताराला रोखूं शकत नाहीं. वेग हाताबाहेर गेल्यावर खालचा गिअर बहुधा पडतच नाहीं, आणि पडलाच तर चाकें एंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवून मोडूं शकतात. म्हणून गिअर निवडावयाचा तो उतार लागण्यापूर्वीं, बोगद्याच्या आंत असतांनाच.