मर्चिसन अशनीतील ॲमिनो आम्ले

मर्चिसन अशनी हा २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील मर्चिसन या गावाजवळ कोसळलेला कार्बनयुक्त अशनी होय. त्याचे १०० किलोग्रॅमहून अधिक वजनाचे तुकडे गोळा करण्यात आले. प्रथिने ज्यांपासून बनतात ती ॲमिनो आम्ले पृथ्वीबाहेर, सजीवांच्या साहाय्यावाचून तयार होऊ शकतात, याचा पहिला भक्कम पुरावा या अशनीतून मिळाला.

शोध

फ्रान्समध्ये १८६४ साली पडलेल्या ऑर्गेय अशनीसारख्या जुन्या अशनींमध्येही सेंद्रिय पदार्थ आढळले होते. मात्र ते दीर्घकाळ संग्रहालयांत राहिलेले व अनेकांनी हाताळलेले होते. बोटांच्या ठशांतही ॲमिनो आम्ले असल्यामुळे अशा पुराव्यावर विसंबणे शक्य नव्हते. मर्चिसनचे तुकडे अल्पावधीत गोळा झाले. शिवाय चांद्रशिलांच्या परीक्षणासाठी सूक्ष्म रासायनिक विश्लेषणाची साधने त्याच सुमारास सिद्ध झाली होती. अमेरिकेतील नासाच्या एम्स संशोधन केंद्रातील कीथ क्वेनव्होल्डन, सिरिल पोन्नमपेरुमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये या अशनीत ग्लायसीन, ॲलानीन, व्हॅलीन, प्रोलीन व ग्लुटामिक आम्ल आढळल्याचे जाहीर केले. पुढील संशोधनात ही संख्या ७० च्याही पुढे गेली. सजीवांच्या प्रथिनांत मात्र मुख्यत्वे २० च ॲमिनो आम्ले असतात.

अवकाशीय उगमाचे पुरावे

ही आम्ले पृथ्वीवरील मातीतून वा हाताळणीतून आलेली नाहीत, हे तीन गोष्टींवरून ठरते.

* ग्लायसीन वगळता प्रथिनांतील ॲमिनो आम्लांची डावी व उजवी अशी दोन रूपे संभवतात. डाव्या व उजव्या हाताप्रमाणे ती एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असतात. सजीवांची प्रथिने जवळजवळ केवळ डाव्या रूपाची असतात. मर्चिसनमध्ये १९७० साली दोन्ही रूपे जवळपास समप्रमाणात आढळली.
* आयसोव्हॅलीन व अल्फा-ॲमिनोआयसोब्युटिरिक आम्ल यांसारखी सजीवांत विरळा असणारी आम्लेही त्यात आहेत.
* या आम्लांत कार्बन व हायड्रोजन यांच्या जड समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वीवरील सेंद्रिय पदार्थांपेक्षा अधिक आहे.

निर्मिती

मर्चिसन हा मूळच्या एका लघुग्रहाचा तुकडा मानला जातो. सूर्यमालेच्या आरंभकाळी अशा लघुग्रहांत खडकाबरोबर बर्फही होते. ॲल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी समस्थानिकाच्या ऱ्हासातून निर्माण झालेल्या उष्णतेने ते वितळले. या पाण्यात आल्डिहाइड किंवा कीटोन, अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड यांची अभिक्रिया होऊन प्रथम ॲमिनोनायट्राइल व नंतर त्याच्या जलविघटनाने ॲमिनो आम्ल तयार होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ स्ट्रेकर यांनी १८५० मध्ये प्रयोगशाळेत याच पद्धतीने ॲलानीन बनविले होते. म्हणून तिला स्ट्रेकर संश्लेषण म्हणतात. याच अभिक्रियेत अमोनियाचा सहभाग नसल्यास हायड्रॉक्सी आम्ले तयार होतात. मर्चिसनमध्ये ॲमिनो आम्लांशी जुळणारी हायड्रॉक्सी आम्लेही सापडल्याने या मार्गाला दुजोरा मिळतो. मात्र या अभिक्रियेने केवळ अल्फा प्रकारची आम्ले बनतात. बीटा-ॲलानीनसारख्या आम्लांसाठी अन्य मार्ग असले पाहिजेत.

डाव्या रूपाचा प्रश्न

१९९७ मध्ये जॉन क्रोनिन व सँड्रा पिझ्झारेल्लो यांनी मर्चिसनमधील आयसोव्हॅलीनसह काही आम्लांत डाव्या रूपाचे किंचित आधिक्य दाखवून दिले. पुढे २००९ मध्ये आयसोव्हॅलीनचे हे आधिक्य काही नमुन्यांत सुमारे १८ टक्के आढळले. सजीवांनी डावे रूपच का स्वीकारले, याचे मूळ अवकाशात असावे, या तर्काला त्यामुळे बळ मिळाले. परंतु ओसायरिस-रेक्स यानाने २०२३ मध्ये बेन्नू लघुग्रहावरून आणलेल्या नमुन्यांत प्रथिनांतील २० पैकी १४ ॲमिनो आम्ले आढळली, तरी त्यांची दोन्ही रूपे जवळपास सारख्याच प्रमाणात होती. त्यामुळे हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

महत्त्व

ॲमिनो आम्ले आढळणे म्हणजे जीवसृष्टी आढळणे नव्हे. जीवसृष्टीला लागणारा काही कच्चा माल अवकाशात सजीवांविना सिद्ध होतो आणि अशनींद्वारे पृथ्वीवर पोहोचू शकतो, एवढेच मर्चिसनवरून निश्चितपणे म्हणता येते.