महाडला सायकलने निघताय? आधी ब्रेक, पाणी आणि सराव पाहा

२० मार्च जवळ आला की वस्तीतली तरुण मुले महाडला सायकलने जायचे बेत करतात. बेत चांगलाच आहे. १९२७ साली याच तारखेला बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक चवदार तळ्याचे पाणी प्यायले. २०२७ साली त्या घटनेला शंभर वर्षे पूर्ण होत असल्याने असे जथ्थे आणखी वाढतील. पण महाडला वरून उतरणारे रस्ते सह्याद्रीचे घाट ओलांडून जातात. वाटेत तुटलेले डांबर, खडी आणि मुरूम लागतो, आणि खाली मार्चचे ऊन असते. या प्रवासात माणूस चढाने दमतो, पण धोका उतारात आणि उन्हात असतो. दोन्हींची तयारी घरच्या घरी, फारसा खर्च न करता होते.

रस्ते कोणते?

पुण्याहून सर्वांत सरळ वाट भोरमार्गे वरंध घाटाची. कात्रज, कापूरहोळ, भोर, मग नीरा-देवघरच्या जलाशयाच्या कडेने घाटमाथा आणि खाली वरंध, बिरवाडी, महाड. एकूण अंतर साधारण १३० किलोमीटर. भोरपासून माथ्यापर्यंत चढ-उतार आहेत, पण मोठी घसरण माथ्यानंतर आहे. थोड्याच अंतरात रस्ता सुमारे सहाशे मीटर खाली उतरतो. पावसाळ्यात इथे दरडी येतात. दरडी आणि रुंदीकरणाच्या कामामुळे घाट अनेकदा बंद ठेवला जातो. म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी रस्ता सुरू असल्याची चौकशी करा.

दुसरी वाट मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव. निसर्ग सुंदर आहे, पण माणगावपासून पुढे मुंबई-गोवा महामार्ग लागतो आणि तिथे ट्रकची वर्दळ असते. साताऱ्याकडच्यांसाठी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूर हा रस्ता आहे. तिथला उतार या तिन्हींत सर्वांत लांब, सुमारे ४० किलोमीटरचा. नवख्यांनी तो घेऊ नये.

महागडी सायकल लागते का?

खडीच्या रस्त्यासाठी हल्ली ‘ग्रॅव्हल बाईक’ नावाची सायकल मिळते. रुंद टायर, चढासाठी हलके गिअर आणि डिस्क ब्रेक ही तिची तीन वैशिष्ट्ये. पण तिच्या किमतीत एखाद्या घराचा काही महिन्यांचा किराणा येईल. साधी गिअरची सायकल, दीड ते दोन इंच रुंद टायर आणि चांगले ब्रेक असले तर काम भागते. पेपर-दुधाच्या फेऱ्यांची जुनी काळी सायकल मात्र घाट उतरायला वापरू नका. ती जड असते आणि तिचे सळईचे ब्रेक लांब उतारावर पुरत नाहीत. तीच न्यायची असेल, तर उतार पायी उतरा. त्यात कमीपणा नाही.

निघण्याच्या आठ दिवस आधी मिस्त्रीकडून ब्रेकचे रबर आणि वायर बदलून घ्या, चेनला तेल द्या, रिंग आउट आहे का ते पाहा. सीटची उंची घरीच तपासा. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की गुडघा सरळ झाला पाहिजे. सीट यापेक्षा खाली असेल, तर लांबच्या प्रवासात गुडघे दुखतात.

हवेबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. सोण कोळिविस या भिक्खूला तथागतांनी वीणेच्या तारांचा दाखला दिला होता. तार फार ताणली किंवा फार सैल सोडली, तर सूर लागत नाही. टायरचेही तसेच. फार कडक टायर खडीवर उसळतो आणि घसरतो, फार सैल टायर दगडावर आपटून ट्यूब फुटते. टायरच्या कडेवर जास्तीत जास्त हवेचा आकडा छापलेला असतो. खडीच्या रस्त्यासाठी त्याहून थोडी कमी हवा ठेवा. अंगठ्याने जोर लावल्यावर टायर किंचित दबला पाहिजे.

सहा आठवड्यांचा सराव

सोण भिक्खूला दिलेला दाखला मुळात प्रयत्नाबद्दलच होता, तो सरावालाही लागू पडतो. पहिल्या आठवड्यात तीन दिवस अर्धा-अर्धा तास सायकल चालवा. मग दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत रविवारची फेरी ५०-६० किलोमीटरवर न्या. चढाचा सराव जवळच्या उड्डाणपुलावरही होतो. जोर किती लावावा? चढावर पायडल मारताना त्रिसरण न अडखळता म्हणता आले पाहिजे. दर शब्दाला धाप लागत असेल, तर गिअर हलका करा किंवा उतरून चाला. मुलींना आणि बायकांनाही या सरावात घ्या. आठवड्यातून तीन-चारदा सायकल चालवली, तर मधुमेह, रक्तदाब आणि वाढते वजन आटोक्यात राहायला मदत होते. महाडला गेलात किंवा नाही गेलात, हा लाभ घरात राहतोच.

उतार कसा उतरावा?

ब्रेक सतत दाबून धरू नका. त्याने रिंग किंवा डिस्क तापते आणि ब्रेकची पकड कमी होते. दाबा, वेग कमी करा, सोडा, पुन्हा दाबा. दोन्ही ब्रेक एकत्र वापरा. वळणाच्या आधीच वेग कमी करा. खडीवर वळता-वळता पुढचा ब्रेक दाबला, तर पुढचे चाक घसरते. सीटवरून किंचित उठा, वजन मागे न्या, कोपर सैल ठेवा. दोन सायकलींत निदान चार-पाच सायकलींएवढे अंतर हवे. डबलसीट नको, शर्यत नको, अंधारात उतरणे नको. हेल्मेट मात्र हवेच.

निळा झेंडा किंवा पंचशील ध्वज लावायचा तर लहान घ्या आणि मागच्या कॅरिअरला घट्ट बांधा. हँडलला बांधलेला झेंडा चाकात अडकला, तर माणूस तोंडावर पडतो.

ऊन आणि पाणी

प्रवास दोन दिवसांचा ठेवा. पहिला मुक्काम भोर किंवा त्याच्या पुढच्या गावात करा आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच निघा. खाली कोकणात मार्चमध्ये पारा चाळिशीजवळ जातो आणि हवा दमट असल्याने घाम वाळत नाही. दुपारी १२ ते ४ सावलीत थांबा.

तहान लागण्याची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी थोडे पाणी प्या. उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर लागते. दिवसातून एक-दोनदा ओआरएस घ्या. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. सोबत केळी, गूळ-शेंगदाणे ठेवा. पाचव्या शिलाची आठवण इथे शरीरासाठीही आहे. आदल्या रात्री घेतलेली दारू अंगातले पाणी कमी करते, आणि दुसऱ्या दिवशी ऊन बाधते.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल, तर तोंडात पाणी घालू नका.

डॉक्टरांना कोणी विचारावे?

हृदयविकार, रक्तदाब, दमा किंवा मधुमेह असणाऱ्यांनी, आणि चाळिशीनंतर पहिल्यांदाच एवढा जोर लावणाऱ्यांनी सराव सुरू करण्याआधी तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात रक्तदाब आणि साखर तपासली जाते. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. हात थरथरले, थंड घाम सुटला, की थांबून ते खावे. छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ, चक्कर यांपैकी काही झाले, तर तिथेच थांबा आणि १०८ ला बोलवा. ‘थोडेच राहिले आहे’ म्हणून पुढे रेटू नका.

परतीचा घाट सगळा चढाचा आहे. त्यामुळे दहा-बारा जणांनी मिळून टेम्पो आधीच ठरवून ठेवलेला बरा. आपल्या माणसांनी पाण्याचा हक्क मिळवला, त्या तळ्यापर्यंत जाताना बाटलीतले पाणी संपू देऊ नका. जितके निघालात तितके सुखरूप घरी परत या. जय भीम.