सोपाऱ्याचा साक्षी जोर्दानूस व एक अपपाठ

उत्तर कोंकणांतील ख्रिस्ती वस्ती १५३४ त वसई पोर्तुगीजांकडे गेल्यानंतरची, असें आमच्या पालघर-बोईसर-तारापुराकडे सरसकट समजतात. या समजुतीस बाध आणणारा समकालीन साक्षी एक फ्रेंच धर्मोपदेशक आहे. त्याचें नांव जोर्दानूस. दक्षिण फ्रान्सांतील सेव्हेराकचा, डोमिनिकन पंथाचा. फिरंगी हा शब्द आपण पोर्तुगीजांस लावतों, पण मूळ अर्थानें तो यासच शोभेल.

इ. स. १३२१ (शके १२४३) मध्यें तो चार फ्रान्सिस्कन साधूंसह ठाण्यास आला. ठाणें तेव्हां दिल्लीच्या सुलतानाच्या अंमलाखालीं होतें. तेथें ही मंडळी एका नेस्टोरियन कुटुंबाकडे उतरली, हें विशेष ध्यानांत घ्यावें. म्हणजे ख्रिस्ती घरें तेथें आधींच होतीं. जोर्दानूस भडोचेकडे निघाला असतां मागें एप्रिलांत त्या चौघांचा वध झाला. परत फिरून त्यानें त्यांचीं प्रेतें सोपाऱ्यास नेऊन पुरलीं. (हें नालासोपारें २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे.) पुढें ओडोरिक नांवाच्या साधूनें त्या अस्थि चीनांत नेल्या. १३२१ त घोघ्याहून व १३२४ त ठाण्याहून जोर्दानूसनें लिहिलेलीं दोन पत्रें उपलब्ध आहेत. पहिल्यांत ठाणें व सोपारें यांच्या दरम्यान ३५ जणांस दीक्षा दिल्याचा उल्लेख आहे. १३२९ त पोप बावीसावा जॉन यानें त्यास कोल्लमचा बिशप नेमलें. ही वस्ती पुढें अखंड टिकली, असें मात्र एवढ्यावरून ठरत नाहीं. तथापि महिकावतीच्या बखरीचा सर्वांत जुना भाग १४४८ चा. जोर्दानूस त्याच्याहि सव्वाशें वर्षें आधींचा, हें विसरूं नये.

त्याच्या 'मिराबिलिया' या लॅटिन ग्रंथाची ज्ञात पोथी एकच. ती वॉल्कनेर यांच्या संग्रहांत असतां १८३९ त पॅरिस येथें छापली गेली. आतां ती ब्रिटिश लायब्ररींत आहे. यूल यांचें इंग्रजी भाषांतर १८६३ चें. प्रेत न जाळतां, न पुरतां, बिनछपराच्या बुरुजांत पक्ष्यांसाठीं ठेवणारे अग्निपूजक त्यांत वर्णिले आहेत. तारापूर-डहाणूकडील वाचकांस ते कोण हें सांगावयास नको.

पोथीसंग्राहकांस रुचेल तो एका फळाच्या नांवाचा पाठ 'आनिबा'. हा उघड आंबाच. त्या काळच्या लॅटिन लेखनांत 'म'स तीन उभ्या रेघा, 'नि'सहि तीनच. तेव्हां नकलकारानें मकार फोडून 'नि' वाचला असावा. आमच्या मोडींत असे घोटाळे काय थोडे होतात? मात्र हा शब्द त्यानें मराठींतूनच घेतला, असें म्हणण्यास मी धजणार नाहीं. फारसींतहि 'अंबह' आहे. आणि फणसास त्यानें दिलेलें 'चाकी' हें नांव तर मलबारी 'चक्का' होय.