रताळी कधी काढायची? वेल सांगत नाही, चीक सांगतो

परसातल्या वरंब्यावर किंवा गच्चीतल्या ग्रो बॅगेत रताळी लावणं सोपं. पावसाळ्यात वेलाचे शेंडे खोचले की महिन्या-दीड महिन्यात माती झाकून जाते. पंचाईत होते काढणीच्या वेळी. पीक मातीखाली, डोळ्यांना दिसतो नुसता पाला, म्हणून सांगोवांगीच्या खुणांवर भिस्त ठेवली जाते. त्यातल्या बऱ्याच खुणा दुसऱ्याच कंदाच्या असतात.

गैरसमज : वेल वाळला की रताळी तयार.
वस्तुस्थिती : ही खूण बटाटा, सुरण, हळद, कणगर यांची. वाढ पुरी झाली की त्यांचा पाला पिवळा पडून माना टाकतो. सुरणाला त्यासाठी आठ-नऊ महिने लागतात. बटाटा आणि सुरण ही खोडाची रूपं. रताळं म्हणजे फुगलेलं मूळ. ऊब आणि ओल मिळेल तोवर ते जाड होत राहतं आणि वेलही हिरवागार राहतो. बुडाची काही पानं पिवळी पडतात, पण सगळा वेल वाळण्याची वाट पाहिलीत तर काढणी हुकलीच म्हणून समजा.

गैरसमज : दिवस मोजले की झालं.
वस्तुस्थिती : दिवसांवरून अंदाज येतो, खात्री नाही. तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेचा 'श्रीभद्रा'सारखा लवकर येणारा वाण तीन महिन्यांत तयार होतो, इतर बरेच वाण चार महिन्यांच्या आसपास. थंडीत किंवा सावलीत वाढ रेंगाळते. म्हणून तीन महिने झाले की वेलाच्या बुडाशी हातानं माती उकरून एक रताळं काढा आणि सुरीनं कापा. कापावर दुधासारखा चीक येईल. थोडा वेळ थांबा. कापलेला भाग स्वच्छ राहून चीक वाळला तर रताळं पक्व. हिरवट काळपट डाग पडले तर अजून कच्चं. माती सारखी करा आणि पंधरवड्यानं पुन्हा पाहा.

गैरसमज : फुलं आली, आता खणायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : रताळ्याला फुलं येणं हे वाणावर आणि दिवसाच्या लांबीवर ठरतं. काही वेलांवर एकही फूल येत नाही, तरी खाली भरघोस पीक असतं.

गैरसमज : जमिनीत जितकी राहतील तितकी चांगली.
वस्तुस्थिती : पक्व रताळी जमिनीत ठेवली तर तडकतात, दोरे धरतात आणि पाणी साचलं तर कुजतात. त्याहून मोठा धोका सोंड्या भुंग्याचा. माती भेगाळली की त्या वाटेनं तो कंदापर्यंत पोचतो. त्याच्या अळ्या आत बोगदे पाडतात आणि रताळं कडू होतं, वास मारतं. किडका भाग कापून टाकला तरी कडवटपणा उरलेल्या भागात उतरलेला असतो. म्हणून बुडाशी मातीची भर देत राहावं आणि पीक तयार झाल्यावर काढणी लांबवू नये. शिवरात्रीच्या उपवासापर्यंत थांबायचं असेल तर रताळी काढून घरात ठेवावीत.

गैरसमज : नुकतं खणलेलं रताळं सगळ्यात गोड.
वस्तुस्थिती : खणल्या खणल्या ते पिठूळ लागतं. काढल्यानंतर त्यातल्या पिठाची हळूहळू साखर होते. आठवडाभर उबदार, हवेशीर सावलीत पसरून ठेवली की गोडी वाढते, खणताना पडलेले ओरखडे भरून येतात आणि साल घट्ट होते. मंद आचेवर भाजलं तर शिजतानाही पिठाची साखर होते. निखाऱ्यातलं रताळं गोड लागतं ते म्हणूनच.

गैरसमज : धुऊन फ्रिजमध्ये ठेवली की टिकतात.
वस्तुस्थिती : ओलसर सालीला बुरशी धरते आणि फ्रिजच्या थंडीनं गाभा टणक होऊन शिजवला तरी कडकच राहतो. माती नुसती झटका, करंडीत ठेवा आणि लागतील तशी धुवा. कुदळ लागून कापली गेलेली रताळी आधी संपवा.

गैरसमज : काढणी झाली, वेल आता कचऱ्यात.
वस्तुस्थिती : कोवळ्या पानांची भाजी होते, उरलेला पाला गुरं आवडीनं खातात. पण त्याआधी निरोगी वेलांचे वीतभर शेंडे कापून कुंडीत लावून ठेवा. पुढच्या लागवडीचं बेणं तेच.