आरशाने अडवलेली भिंगे

छायाचित्रणाच्या साधनांत जे जुने झाले ते निरुपयोगी झाले, अशी समजूत डिजिटल कॅमेऱ्याचा अंमल सुरू झाल्यापासून सर्वत्र रूढ झाली आहे, आणि रोजच्या व्यवहारापुरती ती फिल्मच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरीही आहे; परंतु त्या फिल्मच्या पुढे बसून प्रकाशाला वळण लावणाऱ्या काचेच्या भिंगालाही तोच न्याय लावणे मला सर्वथा गैरवाजवी वाटते. किरणांचे वक्रीभवन करून प्रतिमा उभी करणे एवढेच भिंगाचे कार्य असते. ती प्रतिमा चांदीच्या क्षारांवर पडो की सिलिकॉनच्या संवेदकावर, प्रकाशशास्त्राचे नियम काही बदलत नाहीत.

असे असूनही ही भिंगे दीर्घकाळ कपाटांत पडून राहिली, त्याची सबब काचेत नव्हे, एका अंतरात दडलेली आहे. कॅमेऱ्याच्या ज्या कड्यावर भिंग बसते, तेथपासून फिल्मपर्यंतचे अंतर प्रत्येक कारखान्याने आपापले ठरवून टाकलेले असे: एम-४२ या आट्यांच्या पद्धतीत ते ४५.४६ मिलिमीटर, निकॉनमध्ये ४६.५, कॅननच्या १९७१ सालच्या एफडी पद्धतीत ४२, आणि त्याच कॅननने १९८७ साली आणलेल्या ईएफ पद्धतीत ४४. दृश्य डोळ्यापर्यंत पोचवणाऱ्या आरशाला वरखाली होण्यास जागा लागे, म्हणून एवढी पोकळी ठेवणे भाग होते. भिंगाची बैठक ठरलेल्या अंतराच्या पुढे सरकली की जवळची वस्तू स्पष्ट दिसते, पण दूरचा डोंगर कधीच फोकसमध्ये येत नाही. उलट नव्या कॅमेऱ्याचे अंतर कमी असेल, तर मधली उणीव एखाद्या कड्याने भरून काढता येते. म्हणूनच एम-४२चे भिंग पातळशा कड्याने कॅनन ईएफवर सुखाने बसते, निकॉनवर मात्र जेमतेम एका मिलिमीटरासाठी अडते. आणि कॅननचे स्वतःचे एफडी भिंग कॅननच्याच ईएफ कॅमेऱ्यावर मधे सुधारणेची काच घातल्यावाचून दूरचे दृश्य टिपू शकत नाही.

हा कज्जा अखेर आरशाच्या निवृत्तीने मिटला. २००८ साली पॅनासॉनिकने आरसा काढून टाकलेला जी-१ हा कॅमेरा बाजारात आणला. पुढे २०१३ साली सोनीच्या अल्फा ७ मध्ये जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटरांचा संवेदक आला, आणि त्यात कड्यापासून संवेदकापर्यंतचे अंतर अवघे १८ मिलिमीटर होते. उरलेली जागा भरून काढण्यास धातूचे एक पोकळ नळकांडे पुरते. त्यालाच बाजारात ॲडॅप्टर म्हणतात. त्यात काच नसते, सबब प्रतिमेचा दर्जा त्यामुळे घटत नाही, मात्र त्याची घडण अचूक हवी. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर दृश्याच्या कडा कापल्या जातात, आणि फिल्मच्या चौकटीहून दीडपट लहान संवेदकावर पन्नास मिलिमीटरचे भिंग पंचाहत्तरच्या भिंगाएवढाच कोन दाखवते, एवढे ध्यानात ठेवावे.

उदाहरणादाखल मी हेलिऑस ४४-२ हे भिंग निवडतो. जर्मनीतील येना येथील त्साइसच्या कारखान्याचे बायोटार नावाचे ५८ मिलिमीटरचे एक नामांकित भिंग होते. महायुद्धानंतर त्याची रचना सोव्हिएत रशियात गेली आणि मॉस्कोनजीक क्रास्नोगोर्स्क येथे झेनिट कॅमेऱ्यांसाठी हेलिऑस या नावाने तिचा नवा संसार सुरू झाला. चार गटांत सहा काचा, छिद्र लहानमोठे करणारी आठ पाती, आणि त्या पात्यांवर हुकूम चालवणारी दोन कडी: एक कडे टक्‌टक् करीत मर्यादा ठरवते, दुसरे त्या मर्यादेपर्यंत निःशब्द फिरते. छिद्र पूर्ण उघडून एखाद्या माणसाला झाडीसमोर जवळून टिपावे, म्हणजे पानांमधल्या कवडशांची मध्यभागी वर्तुळे होतात, पण कडांकडे येणारे तिरपे किरण भिंगाच्या पुढच्या व मागच्या कड्यांनी छाटले जाऊन तीच वर्तुळे बदामासारखी निमुळती होतात आणि मध्याभोवती फेर धरतात. शास्त्राच्या काटेकोर हिशेबात हा दोषच. तथापि चेहऱ्याभोवती भोवऱ्यासारखी फिरणारी ती पार्श्वभूमी निर्दोष आधुनिक भिंगाकडून मिळत नाही, आणि माझ्या मते ती मिळवण्याजोगी आहे.

वापरण्याची तजवीज सोपी आहे. कॅमेऱ्याला समोरचे भिंग ओळखता येत नसल्याने, भिंग नसतानाही शटर चालावे अशी परवानगी मेनूत द्यावी लागते. छिद्र भिंगावरच्या कड्याने ठरवायचे आणि फोकस हाताने साधायचा. पडद्यावर प्रतिमा मोठी करून पाहता येते, स्पष्ट कडा रंगवून दाखवण्याची सोयही असते. त्यामुळे हे काम फिल्मच्या दिवसांहून आज अधिक सुकर झाले आहे. सूर्य समोर असता जुन्या काचेवरचे साधे लेप परावर्तन पुरते थोपवीत नाहीत आणि चित्र फिकट होते, म्हणून भिंगाला हूड लावावा. असाही कंपनीच्या टाकुमार नावाच्या काही भिंगांत वक्रीभवनांक वाढावा म्हणून थोरियमयुक्त काच वापरलेली आहे. ती कालांतराने पिवळी पडते आणि अतिनील किरणांत बरेच दिवस ठेवल्यास पुन्हा निवळते. तिचा किरणोत्सर्ग अल्प असतो. छायाचित्रे काढण्यास हरकत नाही, मात्र ती काच घासू वा फोडू नये.

आपल्याकडे, विशेषतः मुंबईत व कोकणात, भिंगांचा खरा वैरी म्हणजे बुरशी. दमट हवेत ती काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, आणि तिच्यातून स्रवणारी आम्ले लेप खाऊन टाकतात. तो डाग मग पुसून जात नाही. चामड्याचे जुने कव्हर ओल धरून ठेवते, म्हणून भिंग त्यात कदापि ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावे. विकत घेताना छिद्र पूर्ण उघडावे, मागून टॉर्चचा झोत सोडावा आणि तिरप्या नजरेने पाहावे. तंतू दिसले, किंवा पाती तेलकट होऊन संथ हलली, तर किंमत कितीही कमी असो, सौदा सोडून द्यावा. ज्यांच्या घरी वडिलांचा वा आजोबांचा फिल्मचा कॅमेरा अद्याप आहे, त्यांनी तो भंगारात काढण्याआधी त्याचे भिंग उतरवून हीच परीक्षा करावी, आणि ती पावसाळ्याच्या आत करावी.