बाळाच्या नजरेचे मोजमाप

बाळाला बोलता येत नाही, प्रश्न कळत नाही, बोट दाखवून निवडही करता येत नाही. नजर मात्र त्याला जन्मापासून वळवता येते. म्हणूनच बालविकासाच्या संशोधनात डोळ्यांच्या हालचालींना मोठे महत्त्व आहे. नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटीमीटरवरचे, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचे, त्यातल्या त्यात बरे दिसते. पहिल्या काही आठवड्यांत एखाद्या वस्तूपर्यंत नजर एका झेपेत पोचत नाही. ती छोट्या-छोट्या टप्प्यांनी जाते. सरकत्या वस्तूचा सलग पाठलाग करणे दोन-तीन महिन्यांच्या सुमारास जमू लागते.

या अभ्यासाचा पाया अमेरिकेतील रॉबर्ट फँट्झ यांनी घातला. 1958 ते 1964 या काळातील त्यांच्या प्रयोगांत बाळापुढे दोन चित्रे ठेवून ते कोणत्या चित्राकडे जास्त वेळ पाहते हे नोंदवले जाई. कोऱ्या पृष्ठभागापेक्षा नक्षी बाळाला जास्त वेळ खिळवून ठेवते आणि ओळखीचे चित्र मागे पडून नवे आवडू लागते, असे त्यांना आढळले. नव्याकडे नजर वळते याचा अर्थ जुने लक्षात राहिले आहे. स्मरणशक्ती तपासण्याची वाट अशी खुली झाली.

आज नजर टिपणाऱ्या यंत्रात पडद्याखाली अवरक्त दिवे आणि कॅमेरा असतो. दिव्याचा ठिपका कॉर्नियावर चमकतो. तो ठिपका आणि बाहुलीचा मध्य यांतील अंतरावरून नजरेची दिशा काढली जाते. बाळ आईच्या मांडीवर, पडद्यापासून साधारण 60 सेंटीमीटरवर बसते. सुरुवातीला पडद्यावर ठिकठिकाणी आवाज करणारे हलते चित्र दाखवून यंत्र त्या बाळाच्या डोळ्यांशी जुळवून घेतात. मोठ्या माणसाला 'इथे पाहा' म्हणता येते. बाळाच्या बाबतीत चित्रानेच लक्ष ओढावे लागते. आपल्याकडील गडद तपकिरी बुबुळे अवरक्त प्रकाशात फिकी दिसतात, त्यामुळे काळी बाहुली त्यावर ठळक उठते. घट्ट काजळ मात्र काळेच राहते आणि त्यालाच बाहुली समजण्याची चूक यंत्राकडून होऊ शकते.

2013 मध्ये वॉरेन जोन्स आणि अमी क्लिन यांनी दाखवले की, पुढे स्वमग्नतेचे निदान झालेल्या बाळांचे समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहणे दोन ते सहा महिन्यांच्या वयात कमी होत गेले होते. ग्रामीण भारतातील एक महत्त्वाचे काम उत्तर प्रदेशातील शिवगढचे आहे. तेथे चार महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांपुढे रंगीत चौकोनांचे दोन संच ठेवले गेले. एकातील रंग बदलत राहत, दुसऱ्यातील तसेच राहत. मूल पाहत असताना मेंदूतील रक्तप्रवाहातले बदलही नोंदवले गेले. कमी उत्पन्न आणि आईचे शिक्षण कमी असलेल्या घरांतील मुलांत दृश्य-स्मृतीशी संबंधित मेंदूचा प्रतिसाद क्षीण असल्याचे 2019 मध्ये प्रसिद्ध झाले.

वर्धा जिल्ह्यासारख्या भागात नजरेच्या अशा तपासणीला आधार देऊ शकेल अशी व्यवस्था आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान 1969 पासून ग्रामीण आरोग्याचे काम करीत आहे. गावोगावी अंगणवाडी सेविका आणि आशाताई आहेत. तरी यंत्र आणून ठेवले की काम झाले, असे नाही. उन्हातही अवरक्त किरण असतात, म्हणून खिडक्या झाकाव्या लागतात. मग विदर्भातील उन्हाळ्यात ती खोली थंड ठेवणे आले. वीज गेली की तपासणी थांबते. बाळ पोटभर प्यालेले आणि झोप झालेले हवे. तीन महिन्यांचे बाळ रोज पाहण्यातल्या चेहऱ्यांसारख्या चेहऱ्यांकडे अधिक पाहते, म्हणून चित्रफितीतील चेहरेही परदेशी नसून इथल्याच बायाबापड्यांचे असावेत.

सर्वांत मोठी जबाबदारी अर्थ लावण्याची आहे. बाळ कमी पाहते याचे कारण भूक, पेंग, परकी खोली किंवा अधू दृष्टी असू शकते; मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना राहिलेले आठवडे वजा करावे लागतात. एका बैठकीच्या आकड्यावरून कोणत्याही बाळावर शिक्का मारणे अन्यायाचे आहे. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वाढीतील विलंबाची तपासणी आणि पुढील उपचार यांची सोय आहे. नजरेचे मोजमाप या साखळीला जोडले गेले, आईवडिलांना निष्कर्ष साध्या मराठीत समजावला गेला आणि शंका आल्यास उपचाराची वाट दाखवली गेली, तरच ते बाळाच्या खऱ्या उपयोगाचे ठरते.