शस्त्र : हक्क की अनुज्ञा?

शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानावा, की शासनाने विचारपूर्वक द्यावयाची अनुज्ञा मानावी, हा वाद आज बहुधा अमेरिकेच्या संदर्भात ऐकू येतो. हाच प्रश्न आपल्या घटना समितीपुढेही आला होता, याचे स्मरण मात्र फारसे उरलेले नाही.

१८७८ साली, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, हत्यारांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगता येईना. युरोपियनांना मात्र सूट मिळाली. लोकांना निर्बंधापेक्षाही त्यामागील अविश्वास आणि वर्णभेद अधिक झोंबला. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव केला. अहिंसेचे पुरस्कर्ते महात्मा गांधी यांनीही १९१८ साली, खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीच्या वेळी, त्याचा कठोर शब्दांत निषेध केला. पुढे १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांमध्ये, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट झाला.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी तोच हक्क राज्यघटनेत घालावा, अशी दुरुस्ती सुचविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. देशरक्षणासाठी शस्त्र धारण करणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरू शकते. परंतु तो सरसकट हक्क केल्यास सराईत गुन्हेगारालाही त्याचा लाभ मिळेल, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली.

त्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. परवाना कायम राहिला, पण तो सर्वांना सारखाच लागू झाला. अर्ज नाकारल्यास अधिकाऱ्याने कारणे लेखी नमूद करावीत आणि अर्जदाराला अपील करता यावे, अशी तरतूद झाली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या सामान्यतः तीनवरून दोनवर आणली.

अन्य देशांनी वेगवेगळे मार्ग निवडले. अमेरिकेच्या घटनेतील १७९१ ची दुसरी दुरुस्ती व्यक्तीला आत्मरक्षणार्थ शस्त्राचा हक्क देते, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थर येथे एका बंदूकधाऱ्याने ३५ जणांचे प्राण घेतल्यावर कायदे कडक झाले आणि शासनाने मोबदला देऊन सहा लाखांहून अधिक बंदुका परत घेतल्या.

आपल्या ग्वाल्हेर-चंबळ परिसराला हा विषय परका नाही. येथे खांद्यावरची बंदूक ही प्रतिष्ठेची खूण मानली जाते. शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात २००८ साली नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य देऊ करण्यात आले होते, यावरून त्या परवान्याचे आकर्षण ध्यानी यावे. आडवाटेच्या वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याची भीती खोटी नसते. पोलीस येईपर्यंत त्याने काय करावे, हा त्याचा प्रश्न रास्तच आहे. तथापि प्रत्येक घराने बंदूक घेतली, तर शेजाऱ्याचे भय वाढते आणि क्षुल्लक भांडणाचाही शेवट मृत्यूत होऊ शकतो.

१८७८ च्या कायद्याने केलेला अपमान समान कायद्याने पुसला गेला. त्यासाठी घरोघरी बंदूक द्यावी लागली नाही. उरलेले भय दूर करावयाचे, तर वेळेवर पोहोचणारे पोलीस आणि विलंब न लावणारे न्यायालय हवे. ती मागणी नागरिकांनी शासनाकडे सातत्याने केली पाहिजे.